हौद्यावरचा शिडाचा कपडा

मी एक जुना शिडाचा कपडा आहे. माझ्याकडे पाहून आता ते कुणाला पटायचे नाही. तांबूस काळपट रंग, अंगावर सोळा ठिगळे, कडेला दोरीसाठी पाडलेली भोके आणि सुक्या बोंबलांचा वास. वासाचे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, म्हणजे नाक मुरडायचे असेल त्याने आत्ताच मुरडून घ्यावे. पुढे मला मध्ये थांबवू नका. सांगायचे आहे ते सुखाचे नाही, आणि एकदा थांबलो तर पुन्हा सुरुवात करायचा मला धीर होणार नाही.

माझा जन्म घिवलीच्या किनाऱ्यावरचा. सूत मुंबईच्या गिरणीतले, पण मी ते धरत नाही. ताग्याला का कुणी जन्म म्हणते? देवजी तामोरे आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाने वाळूत बसून मोठ्या सुयांनी पट्टीला पट्टी जोडली, कडेने काथ्याचा दोर शिवला, तेव्हा मी कुणीतरी झालो. मग देवजीच्या बायकोने, जमुनाने, ऐनाच्या झाडाच्या सालीचे पाणी मोठ्या हंड्यात लाल होईपर्यंत उकळले आणि मला त्यात बुडवून ठेवले. खाऱ्या वाऱ्याने कापड कुजू नये म्हणून आमच्याकडे हे करतात. माझा तांबूस रंग त्या सालीचा.

ती साल आली होती मनोरपलीकडच्या डोंगरातून. तिथल्या पाड्यावर ठमी नावाची बाई राहते. नवरा भिका, उतारावर थोडी पावसाच्या पाण्याची शेती. ठमी मनोरच्या बाजारात साल आणि तांदूळ आणायची, जमुना सुकी मासळी न्यायची. दोघी एकमेकींच्या टोपल्या बदलून घरी जायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून हे चालत आले होते. एकीच्या घरी मीठ-मिरचीबरोबर बोंबील शिजे, दुसरीच्या घरी भात.

नऊ वर्षे मी समुद्रावर होतो. ती वर्षे माझी. वारा पोटात घेऊन मी ताठ उभा राहिलो की देवजी खालून वर बघे आणि हसे. माणसाने आपल्याकडे असे बघावे, याहून कपड्याला दुसरे काय हवे? तेव्हा मी गर्विष्ठ होतो, हे कबूल करतो. किनाऱ्यावरच्या इतर शिडांना मी मोजतही नसे.

मग बोटीत यंत्र आले. बोट देवजीच्या चुलत भावाची होती. तिच्यात मोठे घरघरणारे इंजिन बसले, डोलकाठी उतरली, आणि शीड सांभाळणाऱ्या माणसाचीही गरज उरली नाही. देवजी आणि मी एकाच दिवशी घरी आलो. तो पडवीत बसून लोकांची जाळी दुरुस्त करू लागला. मला त्याच पडवीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवले. उंदरांनी माझ्यात दोन बाळंतपणे केली. चिडचिड होई, पण कुणाला सांगणार?

तीन वर्षे मी तसाच पडून होतो. एवढ्यात आमच्या किनाऱ्याजवळ विजेच्या मोठ्या केंद्राचे काम निघाले. तारापूर, बोईसर, घिवली, जिकडे पाहावे तिकडे खणलेली माती आणि लांबून आलेली माणसे. त्यांतच साताऱ्याकडचा शिवाजी होता. आधी तो कामावर गाडी हाकायचा. पासष्ट साली एक जुनी पिकप लिलावात निघाली, ती त्याने घेतली. पुढे दोन माणसांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. आठवड्यातले काही दिवस तो कामावरचे सामान वाही आणि बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या बायकांची मासळी मनोरला नेई. त्याआधी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बोईसरपर्यंत चालत जायच्या. त्यामुळे शिवाजी गावाला प्रिय होता. बायका त्याला शिवाजीदादा म्हणत.

उघड्या हौद्यात मालावर धूळ बसे. पहिल्याच महिन्यात जमुनाने त्याला सांगितले, "दादा, यावर कायतरी टाका. मनोरला पोचेपर्यंत बोंबील मातीत लोळल्यासारखा होतो."

"घेतो की ताडपत्री," शिवाजी म्हणाला.

"ताडपत्री नको. सुक्या मासळीला वारा लागतो. आमच्या घरात शीड पडून हाय."

असा मी पुन्हा बाहेर आलो. पण मी तिकोनी, हौदा चौकोनी. देवजीने मला अंगणात पसरले, बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि मग कात्री लावली. एक टोक कापून दुसऱ्या बाजूला जोडले, कडेला भोके पाडून दोरी ओवली. दुखले नाही, असे म्हणणार नाही. पण काम झाल्यावर त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि मी गप्प बसलो. समुद्र नाही तर नाही, निदान वारा तरी होता.

माझी लायकी काय होती, ते नीट सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. जोराच्या पावसात माझ्यातून पाणी गळते. ते लपवायचे कारण नाही. पण माझ्या विणीतून हवा ये-जा करते. आमच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने अडकवून सुकवतात. बाहेरून खडखडीत वाटला तरी त्याच्या पोटात कितीतरी वेळ थोडी ओल राहते. ती ओल बाहेर पडायला वाट हवी. मी ती वाट देत होतो. दोन वर्षे मनोरला गेलेला एकही भारा माझ्याखाली बिघडला नाही. कुणी शाबासकी दिली नाही, पण तक्रारही कुणी केली नाही.

आता सुलूचे सांगायला हवे. सुलू ही जमुना-देवजीची एकुलती एक मुलगी. सहासष्टच्या पावसात ती आठ वर्षांची होती. देवजीचे जाळ्यांचे काम पावसात बंद असे, आणि त्या साली घरातले तांदूळ मध्येच संपले. तेव्हा जमुनाने तिला दातिवऱ्याला बहिणीकडे, मैनाबाईकडे, पाठवले. मैनाबाई वाईट नाही. पण तिची स्वतःची पाच, आणि पाच जणांच्या ताटात सहावा हात आला की प्रेमसुद्धा पातळ होते. सुलू परत आली तेव्हा तिचे केस कापलेले होते, डोक्यात खरूज होती, आणि आठ दिवस तिने आईच्या लुगड्याचा पदर सोडला नाही. जमुना पाणी भरायला जाई, तर ही मागे. जमुना चुलीपुढे बसे, तर ही मांडीला टेकून.

बाजार नसला की पडवीत माझी घडी ठेवलेली असे, म्हणून मी ऐकले. जमुना देवजीला म्हणाली, "पुढल्या पावसात माझी पोर माझ्याच चुलीपाशी जेवेल. कुठं जायची नाय ती."

त्या वर्षभर ती बाई हट्टाने कामाला लागली. देवजीच्या चुलत भावाच्या बोटीवरची मासळी साफ करायची, वलांडीवर चढवायची, उतरवायची, आणि वाट्याला येतील ते बोंबील बाजूला ठेवायचे. पाऊस सुरू होण्याआधी आमच्या भागात चार महिन्यांची बेगमी करतात, तिला आगोट म्हणतात. आगोटीच्या शेवटच्या बाजाराला डोंगरातली माणसे पावसासाठी सुकी मासळी नेतात, कारण एकदा नद्या भरल्या की पाड्यावरून कुणाला खाली उतरता येत नाही. ठमीचा निरोप आला होता: तांदूळ काढून ठेवला आहे, बोंबील आण. जमुनाचे अकरा भारे होते. अकरा भारे मनोरला धड पोचले, तर पावसाळाभरचे तांदूळ घरात येणार होते आणि सुलू घरी राहणार होती. इतके साधे होते ते.

पण त्याच उन्हाळ्यात शिवाजीच्या डोक्यात नव्या कपड्याचे वेड शिरले. तसे त्याचेही बरोबर होते. कामावरचे साहेब लोक त्याला घरसामान न्यायला बोलावू लागले होते, आणि सिमेंटच्या गोण्याही मिळत होत्या. सिमेंटवर मला टाकणे म्हणजे सिमेंटचे दगड करणे. शिवाय त्याची बायको सोजराबाई रोज म्हणे, "तुमच्या सदऱ्याला त्या फडक्याचा वास येतोय. मला जेवण जात न्हाई." मला फडके म्हणाली. मी लक्षात ठेवले आहे.

तर शिवाजी पालघरच्या बाजारात कपडा बघायला गेला. त्या दिवशी मी हौद्यावरच होतो, त्यामुळे सारे माझ्यासमोर घडले. दुकानदाराने आधी पत्र्याचे झाकण दाखवले. ते जड होते, खड्ड्यात आदळून खडखडले असते. मग रबराचे कापड दाखवले. ते उन्हात चिकटते, हे शिवाजीला माहीत होते. शेवटी त्याने हिरवीगार मेण लावलेली ताडपत्री उलगडली. तिच्या कडेला पितळी कड्या होत्या. शिवाजीचे डोळे चमकले.

"पाण्याचा थेंब आत जाणार नाही," दुकानदार म्हणाला.

शिवाजीने खात्री करून घेतली. तांब्याभर पाणी ताडपत्रीच्या खोलगट भागात ओतले आणि खाली हात धरला. हात कोरडा. मग गंमत म्हणून उरलेले पाणी त्याने माझ्यावर ओतले. ते माझ्यातून झिरपून हौद्यात ठिबकले. दुकानदार हसला, शिवाजीही हसला. बाहेरचे पाणी आत येते का, एवढेच दोघांनी पाहिले. आतली ओल बाहेर कशी जाणार, हे कुणी विचारले नाही. शिवाजीच्या गावाकडे ज्वारी, बाजरी, कडबा. त्यांचा शत्रू पाऊस. झाकले की माल वाचला, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. मासळीची गोष्ट वेगळी असते, हे त्याला कुणी सांगणार होते का? जमुनाने एकदा सांगितले होते. पण दोन वर्षे काही बिघडले नाही, म्हणून ते सांगणे तो विसरूनच गेला.

ताडपत्री विकत घेतली तरी मासळीच्या दिवशी तो मलाच टाकत असे. शेवटच्या बाजाराच्या आदल्या आठवड्यापर्यंत तसेच चालले. त्या आठवड्यात मनोरला गाडी उभी राहिली, तेव्हा दुसऱ्या गावची एक मासळीवाली मोठ्याने म्हणाली, "जमुना आली गो! आदी फाटका शीड येतो, मग त्याच्या मागून जमुना येते."

सगळ्या बायका हसल्या. जमुनाही हसली. पण घरी पोचल्यावर माझी घडी तिने नेहमीसारखी हाताने दाबून बसवली नाही. नुसती कोपऱ्यात टाकली.

मग तो दिवस आला. शेवटच्या बाजाराच्या आदल्या दुपारी आभाळ भरून आले. वलांडीवर शेवटचे चार भारे अजून लटकत होते. त्यांना आणखी एक दिवस वारा हवा होता. पण पाऊस आला तर होते ते जाणार, म्हणून जमुनाने ते घाईने उतरवले आणि अकराही भारे दुपारीच गाडीपाशी आणून ठेवले. सकाळी निघायचे होते.

शिवाजी एका हातात मला आणि दुसऱ्या हातात ताडपत्री घेऊन उभा राहिला. "वैनी, कंचा टाकू? जुना का नवा?"

देवजी पडवीतून म्हणाला, "शीड टाक. माल आजून पुरा सुकला नाय."

जमुनाने आभाळाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ही मलाच घेणार. हिने मला आपल्या हाताने सालीत रंगवले आहे. माल काय मागतो, हे या गावात हिच्याइतके कुणाला कळते?

"नवा टाका," ती म्हणाली.

"जमुना," देवजी म्हणाला.

"आभाळ बघताय ना? आनि दोन वरसं फाटक्याखालून गेले. आज एक दिस तरी माझा माल बऱ्या कपड्याखालून जाऊ दे."

देवजीने जाळे पुन्हा हातात घेतले. बायकोच्या मनात काय खुपते आहे, ते त्याला कळले असावे. कधी कधी कळल्यामुळेच माणूस गप्प बसतो आणि चूक होऊ देतो. शिवाजीला तर आनंदच झाला. त्याने मला घडी घालून हौद्याच्या तळाशी अंथरले, माझ्यावर भारे रचले, वर हिरवी ताडपत्री पसरली आणि चारी बाजूंनी दोऱ्या करकचून आवळल्या. मनापासून बांधल्या त्याने. बहिणीचा माल बांधावा तसा.

मित्रांनो, खाली अंथरलेला कपडा काय करू शकतो? मला राग आला होता, तोही सांगून टाकतो. जा, घ्या तुमची हिरवी, असे मी मनात म्हणालो. सकाळपर्यंत तो राग गेला, कारण मी ओला होऊ लागलो होतो. पाऊस पडला नव्हता. बोंबलांनी घाम धरला होता. त्यांच्या पोटातली ओल वर गेली, मेणाच्या पाठीला लागली आणि थेंब होऊन परत त्यांच्यावरच पडू लागली.

सकाळी आभाळ साफ झाले होते. एक थेंब पडला नाही. उलट ज्येष्ठाचे ऊन असे तापले की हौद्याचा पत्रा पोळू लागला. बोईसरला कामावरच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. पालघर मागे पडले आणि मासवणच्या अलीकडे चाक पंक्चर झाले. शिवाजीने चाक काढले, बदलले, दुसऱ्या चाकातही हवा भरली. तोपर्यंत गाडी भर उन्हात उभी. जमुना खाली उतरली. तिने ताडपत्रीवर तळवा ठेवला आणि चटकन काढला.

"लय तापलाय हो दादा."

"आता पोचलोच की वैनी. सोडायची म्हटली तर गाठी सोडण्यात अर्धा तास जाईल."

जमुनाने गाठीला हात लावला. घट्ट होती. तिने बाजाराच्या दिशेने पाहिले. उशीर झाला होता, आणि ठमीला डोंगर चढून परत जायचे होते. ती पुन्हा केबिनमध्ये बसली. त्या गाठीवरून तिने हात काढला, तो क्षण मला आजही नको वाटतो.

मनोरला ठमी आणि भिका चिंचेखाली बसून होते. तांदळाच्या टोपल्या फडक्याने झाकलेल्या. शिवाजीने दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री उचलली. आतून वाफ आली. मागोमाग वास आला, सुक्या मासळीचा नव्हे, दुसरा. आजूबाजूच्या बायकांनी पदर नाकाला लावले. कालपर्यंत कडक आणि चांदीसारखे असलेले बोंबील पिवळट आणि चिकट झाले होते.

ठमीने एक बोंबील उचलला आणि दोन बोटांनी वाकवला. सुका बोंबील कडकन मोडतो. हा चामड्याच्या वादीसारखा वाकला आणि तसाच राहिला. तिने दुसऱ्या भाऱ्यातला काढला, मग तिसऱ्या. अगदी खालचा, माझ्या अंगाला लागलेला बोंबीलही काढून पाहिला. मग ती जमुनाकडे वळली.

"जमुना बाय, ह्यो पावसात नाय टिकायचा. आठ दिसांत किडं पडतील."

"आज उन्हात घालते. संध्याकाळपर्यंत सुकंल," जमुना म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. नासलेला बोंबील पुन्हा सुकत नाही, हे ठमीला तिनेच कधीतरी शिकवले असेल.

शिवाजी मध्ये पडला. "अवं ताई, वरचं वरचं काढून टाका, आतला चांगला असंल. घ्या की थोडा तरी."

"दादा, माज्या घरात चार पोरा हायत," ठमी म्हणाली. "त्यांच्या पोटात काय घालू?"

तिचेही नुकसानच होते. ठरलेला माल गेला म्हणजे पावसाळाभर तिच्या घरी नाचणीबरोबर मीठच. एक टोपली बाजूला ठेवून बाकीच्या तांदळावर तिने दुसऱ्या बाईकडून मिळेल तेवढी मासळी घेतली. जाताना मात्र ती परत आली, एक टोपली तांदूळ जमुनापुढे ठेवला आणि म्हणाली, "पोरीला शिजव." भिकाने टोपलीकडे एकदा पाहिले. त्या एका टोपलीची त्यांच्या घरी काय किंमत होती, ते त्याच्या पाहण्यात होते.

परतीच्या वाटेवर शिवाजी म्हणाला, "वैनी, माझी चूक झाली."

"तुमची नाय. कपडा मी निवडला," जमुना म्हणाली.

अकराही भारे घिवलीत नारळांच्या आळ्यांत पुरले. त्या साली त्या नारळांना म्हणे चांगली फळे धरली. मला त्याचे काही कौतुक नाही.

टोपलीभर तांदूळ आषाढ लागेपर्यंत पुरला. देवजी केंद्राच्या कामावर माती वाहायला लागला, जमुनाही जाऊ लागली, पण मुसळधार पावसात ते काम कधी असे, कधी नसे. एके सकाळी शिवाजीची गाडी दारात उभी राहिली. त्याला पालघरच्या पुढे सामान न्यायचे होते आणि सुलूला तो दातिवऱ्याला सोडणार होता. रिमझिम चालू होती. शिवाजीने दोन्ही कपडे हातात धरले आणि काही न विचारता जमुनाकडे पाहिले.

"शीड," ती म्हणाली.

सुलूला केबिनमध्ये बसायला सांगितले, तर ती तयार होईना. "पुढं बसलं की नुसता पुढचा रस्ता दिसतो. मला घर बघायचा हाय." शेवटी सामानाच्या पेट्यांमध्ये तिला जागा केली आणि मागची बाजू उघडी ठेवून मला तिच्या डोक्यावर बांधले.

"आये, किती दिस?"

"पाऊस सरला की आनते."

"मी रडनार नाय," सुलू म्हणाली. ती खरेच रडली नाही. जमुना गाडीबरोबर चार पावले चालली आणि मग तिथेच उभी राहिली. सुलू वळण येईपर्यंत बघत होती.

बोईसरच्या पुढे पाऊस वाढला आणि मी गळू लागलो. मी काय करणार? माझी वीणच तशी. थेंब तिच्या केसांवर पडत होते, मानेवरून झग्यात उतरत होते. मी जितके आवळता येईल तितके अंग आवळून घेतले, पण कपड्याच्या इच्छेला पाणी विचारत नाही. पालघरला शिवाजीने गाडी थांबवली, मागे येऊन पाहिले आणि हिरवी ताडपत्री माझ्यावर टाकू लागला. सुलू म्हणाली, "नको काका, काळोख होतो." त्याने ती बाजूला ठेवली. आपला कोरडा टॉवेल तिच्या डोक्यावर बांधला आणि तसाच भिजत पुढे गेला. दातिवऱ्याला मैनाबाईने दार उघडले, ओल्या पोरीकडे पाहिले आणि म्हणाली, "ये." एवढेच.

पाऊस सरल्यावर शिवाजीनेच तिला परत आणले. त्या दिवशी त्याने माझी नीट घडी घातली आणि जमुनाच्या हातात दिली. "वैनी, हा तुमचा तुमच्याकडंच राहू द्या. मला हा वापरायला तोंड न्हाई." पुढे मासळीसाठी त्याने माझ्यासारखेच साध्या विणीचे नवे कापड करून घेतले, आणि टाकण्याआधी तो देवजीला विचारतो. हे चांगले झाले. पण मला त्याने समाधान झाले, असे समजू नका.

जमुनाने मला पडवीत वाऱ्याच्या बाजूला आडवे बांधले. म्हणून त्या दिवसाचे जेवण मी पाहिले. ठमीकडून नवा तांदूळ आला होता. जमुनाने हंडी भरून भात रांधला, कोळंबीचे कालवण केले. सुलूला समोर बसवले आणि ताट भरले. सुलू वाकून, भरभर, एकही शीत न सांडता जेवली. ताट पुसल्यासारखे साफ केले. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. हंडी समोरच होती, तिच्या हाताच्या अंतरावर.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आये, आजून थोडा घेतला तर चालंल काय?"

जमुनाचा हात हवेतच थांबला. देवजीने मान खाली घातली. घरच्या चुलीपाशी, आईच्या हंडीतला भात, आणि पोर अशा आवाजात विचारत होती जसे शेजारणीकडे विस्तव मागतात. जमुनाने डाव भरभरून तिच्या ताटात वाढले, एक, दोन, तीन.

"आपल्या घरात विचारायचा नसतो गो बाय," ती म्हणाली.

"बरं," सुलू म्हणाली. त्याच आवाजात.

जमुना उठून माझ्याजवळ आली. मला धरून, घराकडे पाठ करून, पुष्कळ वेळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांचे पाणी माझ्यात मुरले. मी ते गळू दिले नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला माझी काळजी घ्या असे म्हणत नाही. माझे दिवस भरत आले आहेत. आणखी एखादे साल, मग माझी पोतेरी होतील. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गाड्या होतील, घरे होतील, आणि कशावर तरी टाकायला तुम्ही कपडा निवडाल. तेव्हा तो वरून कसा दिसतो, हसणारे काय म्हणतील, हे मनातून काढून टाका. खाली काय आहे, आणि त्याला काय हवे, हे आधी विचारा. जमुनासारख्या जाणत्या बाईने एकदा, फक्त एकदा, ते विचारले नाही.

आता एकोणसत्तर साल आहे. विजेच्या केंद्राचे दिवे आमच्या पडवीतून दिसतात. गेल्या दोन्ही पावसांत सुलू घरीच होती. ती अकरा वर्षांची आहे, उंच झाली आहे, हसतेसुद्धा. भात आता पुरतो. हंडी तिच्या समोरच ठेवलेली असते. दुसऱ्यांदा घ्यायचा असला, की ती अजून विचारते.